अलास्कात ग्लेशियरवर डॉग स्लेडिंग करायचं असेल तर: बुकिंगपासून परत येईपर्यंत

पहिल्यांदा क्रूझने अलास्कातल्या जुनोला गेलो तेव्हा आम्ही ग्लेशियरवर पोचलोच नाही. सकाळी साडेआठला हेलिपॅडवर हजर, वजनं झाली, बूट चढवून झाले, लेक ते मोठाले बूट घालून उड्या मारतेय, आणि तेवढ्यात काउंटरवरची मुलगी येऊन म्हणाली की वर ढग खाली आलेत, थोडं थांबूया. थोडं म्हणजे पन्नास मिनिटं, आणि मग कॅन्सल. पैसे पूर्ण परत मिळाले हो, पण जहाज संध्याकाळी निघालं आणि विषय संपला. दोन वर्षांनी परत गेलो तेव्हा त्या सकाळची ठेच लक्षात ठेवून सगळं ठरवलं आणि जमलं. खालचं सगळं त्या दोन ट्रिपांमधून आलंय, आणि त्यातली मुख्य गोष्ट आत्ताच सांगून टाकते: या ट्रिपचं प्लॅनिंग म्हणजे निम्मं प्लॅनिंग ‘कॅन्सल झाली तर काय’ याचंच असतं. ते नीट केलं की बाकीचं सोपं आहे.

मुळात हे असतं काय

उन्हाळ्यात अलास्कातही खाली बर्फ नसतो, सगळं हिरवंगार. स्लेडला, म्हणजे कुत्रे ओढतात त्या बर्फावरच्या घसरगाडीला, बर्फ लागतो, आणि जून-जुलैत तो मिळतो फक्त हिमनद्यांच्या वरच्या भागात, जिथे हिवाळ्यात साठलेला बर्फ उन्हाळाभर पुरून उरतो. म्हणून हिवाळ्यात शर्यती पळणारे लोक, ज्यांना मशर म्हणतात, ते उन्हाळ्यात आपापले कुत्रे घेऊन वर तळ ठोकतात. तिथे रस्ता नाही त्यामुळे कुत्रे, स्लेडी, तंबू, खाणं सगळं हेलिकॉप्टरने वर जातं आणि कुत्र्यांची शी गोळा करून हेलिकॉप्टरनेच खाली आणतात (हे ऐकल्यावर लेक पाच मिनिटं हसत होती). कुत्र्यांचा सराव चालू राहतो, मशर लोकांचा हिवाळ्याचा खर्च निघतो, आणि आपल्याला तासभर वर जायला मिळतं.

हो, तासभरच. जाहिरातीत अडीच-तीन तास लिहिलेलं असतं पण त्यात बसने नेणं-आणणं, माहिती सांगणं, बूट घालणं आणि दोन्ही बाजूंचं उड्डाण सगळं आलं. बर्फावर साधारण तास, आणि त्यातही प्रत्यक्ष स्लेडवर अर्ध्या तासाच्या आसपास. हे आधी माहीत असलं की वर गेल्यावर ‘एवढंच?’ असं होत नाही.

कुठून जायचं

बहुतेक लोक क्रूझवरून जातात आणि त्यांचा पहिला पर्याय जुनो. अलास्काची राजधानी असून या गावात बाहेरून रस्ता येत नाही, जहाज नाहीतर विमान. गावाच्या मागे जुनो आइसफील्ड म्हणून साधारण ३,९०० चौरस किलोमीटरचा बर्फाचा पसारा आहे आणि मेंडनहॉल, हर्बर्ट, नॉरिस या हिमनद्या त्यातूनच खाली उतरतात. ट्रिपांच्या यादीत ही नावं दिसतील. कोणती चांगली यावर लोक फार डोकं खाजवतात, माझ्या मते गरज नाही, वर गेल्यावर सगळीकडे पांढरंच दिसतं. कॅम्पची जागाही बर्फ कसा आहे त्यावरून बदलू शकते.

क्रूझवरचा दुसरा थांबा म्हणजे स्कॅगवे, तिथून डेन्व्हर ग्लेशियरवर नेतात. आणि जे क्रूझ न घेता अँकरेजला उतरून गाडीने फिरणार आहेत त्यांच्यासाठी गर्डवूड (अँकरेजपासून साधारण ६५ किलोमीटर) किंवा सूअर्ड, हे साधारण २०० किलोमीटर. गर्डवूडहून पंच बोल ग्लेशियर, सूअर्डहून गॉडविन ग्लेशियर.

आता माझं प्रामाणिक मत. ज्यांना हे एकच करायचंय, त्यासाठीच अलास्काला निघालेत, त्यांनी गाडीवाला मार्ग घ्यावा आणि गर्डवूडला नाहीतर सूअर्डला दोन-तीन रात्री राहावं. आज ढग आले तर उद्या, उद्या आले तर परवा. क्रूझवर तुमच्याकडे एका बंदरात सात-आठ-दहा तास असतात आणि त्यात हवा जमली तर जमली. क्रूझच करणार असाल तर जुनो आणि स्कॅगवे दोन्ही थांबे असलेली घ्या, आणि जो थांबा आधी येतो तिथे हे बुक करा. आधीच्या ठिकाणी कॅन्सल झालं तर पुढच्या ठिकाणी रिकामी सीट मिळायची आशा तरी राहते. आम्ही पहिल्या वेळी नेमकं उलटं केलं होतं.

सिएटलहून जाऊन-येऊन असलेली क्रूझ घेतलीत तर एक गोष्ट लोक विसरतात: ती जहाजं वाटेत कॅनडात, बहुतेक वेळा व्हिक्टोरियाला थांबतात. याचं कारण १८८६ चा एक अमेरिकन कायदा, परदेशी नोंदणीच्या जहाजाला असा फेरा मारताना मध्ये परदेशी बंदर घ्यावंच लागतं. म्हणजे कॅनडाची कागदपत्रं लागतील का ते आधी बघा, आणि अमेरिकेचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा आत येता येईल असा आहे ना तेही.

कधी

सीझन ढोबळमानाने मे ते ऑगस्टअखेर. दक्षिण-पूर्व अलास्का म्हणजे पावसाचं जंगल आहे, बर्फाच्या वाळवंटासारखं काही डोक्यात असेल तर ते काढून टाका. एप्रिल, मे, जून त्यातल्या त्यात कोरडे, आणि उन्हाळा सरत जाईल तसा पाऊस वाढत जातो, सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यात ओले. मे-जूनमध्ये बर्फही कडक असतो, कुत्रे छान पळतात. ऑगस्टमध्ये बर्फ चिकट, पाणीदार, गोळा खाऊन तळाशी उरतो ना तसा. तेव्हाही मजा येते पण वेग कमी आणि पाय ओले. मला विचाराल तर मेचा शेवटचा आठवडा ते जूनअखेर.

दिवसातली कुठली वेळ घ्यावी याचं काही शास्त्र नाही, पण सकाळचा स्लॉट घेतला आणि ढगामुळे पुढे ढकलला तर दुपारी जागा मिळू शकते. दुपारी शेवटचा स्लॉट घेतला तर ढकलायला पुढे काही उरतच नाही.

बुकिंग, आणि पैसे

स्वस्त नाहीये. माणशी ६०० डॉलरच्या पुढेच धरून चाला, आणि लहान मुलांनाही बहुतेक ठिकाणी पूर्ण तिकीट कारण हेलिकॉप्टरमधली सीट ती सीटच. चौघांचं बिल बघून नवरा म्हणाला, ‘कुत्रा विकत येईल की एवढ्यात.’ येईल, पण ग्लेशियर येणार नाही.

बुक कसं करायचं यात दोन रस्ते. एक, क्रूझ कंपनीच्या यादीतून. दुसरा, ट्रिप चालवणाऱ्या कंपनीकडे थेट. क्रूझकडून घेतलं आणि ट्रिपला उशीर झाला तर जहाज आपल्या लोकांसाठी थांबतं, आणि जहाजाने ते बंदरच गाळलं तर पैसे आपोआप परत येतात. थेट घेतलं तर कधी थोडं स्वस्त पडतं, वेळा जास्त मिळतात, आणि ढकलाढकलीत तुमचं बोलणं सरळ त्यांच्याशी होतं, पण उशीर झाला तर जहाज टाटा करून जाईल. आम्ही दुसऱ्या वेळी थेट घेतलं कारण बंदरात जवळजवळ दहा तास होते, आणि ट्रिप संपण्याची वेळ आणि जहाजावर चढायची शेवटची वेळ यात साडेचार तास ठेवले. तीन तासांपेक्षा कमी उरत असतील तर क्रूझकडूनच घ्या, शंभर डॉलर वाचवण्यात अर्थ नाही.

घड्याळाकडे लक्ष द्या. अलास्काची वेळ सिएटल-व्हँकुव्हरच्या एक तास मागे. जहाज आपलं घड्याळ कधी बदलतं ते विचारून ठेवा, फोन स्वतःहून काय दाखवेल याचा भरवसा धरू नका.

बुक करताना हे प्रश्न नक्की विचारा: हवामानामुळे कॅन्सल झालं तर पूर्ण पैसे परत की क्रेडिट, किती तास आधीपर्यंत आपण स्वतः कॅन्सल करू शकतो, आणि तिकिटात स्लेड आहे का. हा शेवटचा प्रश्न वेडगळ वाटेल पण हेलिकॉप्टरने नुसतं ग्लेशियरवर उतरून फिरवून आणणाऱ्या ट्रिपाही असतात, फोटो तेच, नावं जवळजवळ तीच, घाईत चुकीचं बटण दाबलं जातं. तसंच ‘समर मशिंग कॅम्प’ म्हणून जे असतं त्यात कुत्रे चाकाची गाडी ओढतात, खाली जंगलात, बर्फ नाही. ते वाईट नाही, बरंच स्वस्त आहे आणि ढगांचा त्याला फारसा फरक पडत नाही, पण ते वेगळं आहे.

वजनाचा विषय

बुकिंग करताना प्रत्येकाचं वजन विचारतात आणि त्या दिवशी पॅडवर कपड्यांसकट परत करतात. लाजून पाच किलो कमी लिहू नका. हेलिकॉप्टर लहान असतं, साधारण सहा प्रवासी बसतात, आणि कोण कुठे बसणार हे वजनावरून ठरतं. साधारण २५० पाउंड म्हणजे ११३ किलोच्या वर वजन असेल तर जादा पैसे घेतात. खिडकीची सीट पाहिजे म्हणून तिथे वाद घालणारे एक गृहस्थ मी बघितले, त्यांना मधेच बसवलं शेवटी. मध्ये बसलात तरी दिसतं, समोर नुसती काच असते.

कपडे आणि खिसे

हा भाग जरा सविस्तर, कारण इथेच लोक चुकतात, एकतर एव्हरेस्टला निघाल्यासारखे येतात नाहीतर जीन्सवर. वर उन्हाळ्यात कडाक्याची थंडी नसते. ऊन असेल तर चक्क गरम होतं, आणि ढग-वारा आला की पाच मिनिटांत कुडकुडायला होतं. म्हणून थर. आत पटकन वाळणारा पातळ थर, त्यावर फ्लीस, आणि सगळ्यात वर पाणी आत न जाणारं जॅकेट. फुगीर डाऊन जॅकेट वरून घालू नका, ते भिजलं की गेलं, आणि कुत्रे त्यावर पाय ठेवतातच. जीन्स नको म्हणजे नको. ओली जीन्स आणि बर्फाचा वारा हे मी पहिल्या ट्रिपच्या वेळी नुसतं पॅडवर पावसात उभं राहून अनुभवलंय. रेन पँट घ्या, साधी चालेल, कारण स्लेडच्या पुढच्या भागात बसलात की कुत्र्यांच्या पायाने उडालेला बर्फ थेट मांडीवर येतो. नुसता बर्फच येतो असं नाही, त्याबद्दल पुढे सांगते.

बूट ते लोक देतात, आपल्या बुटांवरून चढवायचे किंवा बदलायचे, त्यामुळे आपले साधे बूट आणि लोकरीचे मोजे पुरतात. एक जादा मोज्यांची जोडी खाली ठेवून जा. ग्लोव्ह्ज पाहिजेतच, पाणी न लागणारे, आणि असे की त्यात दांडा घट्ट पकडता येईल. गॉगल हा शोभेसाठी नाही, पांढऱ्या बर्फावरून उलटून येणारा उजेड डोळ्यात पाणी आणतो, ढगाळ असलं तरी. सनस्क्रीन हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांपाशी पण लावा, उजेड खालून येतो. आमचे सासरे ‘मला कशाला क्रीम’ म्हणाले आणि संध्याकाळी जेवताना त्यांचं नाक टोमॅटोसारखं झालं होतं.

बॅगा नेऊ देत नाहीत. पर्स, कॅमेऱ्याची बॅग, सेल्फी स्टिक, सगळं खाली लॉकरमध्ये. मग जे न्यायचं ते खिशात, आणि खिशाला चेन पाहिजे. फोनला मनगटात अडकवायची दोरी लावा, हे फार कामाला येतं. आणि एक गोष्ट कुणी फारसं सांगत नाही: रोजची औषधं असतील तर एका वेळची खिशात ठेवाच. वर असताना हवा बंद झाली तर हेलिकॉप्टर येईपर्यंत थांबावं लागू शकतं. कॅम्पवर अशा वेळेची सोय असते, पण तुमची बीपीची गोळी त्यांच्याकडे नसणार.

उड्डाण

पॅडवर आधी वजन, मग छोटा व्हिडिओ, मग लाईफ व्हेस्ट कमरेला. बाथरूमला खालीच जाऊन या, लहान मुलांना दोनदा पाठवा. हेलिकॉप्टरकडे जाताना जो माणूस हात दाखवतो तिथूनच जायचं, शेपटीकडे कधीही नाही, आणि टोप्या काढून हातात.

ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी, जरी उड्डाण पंधरा-वीस मिनिटांचंच असलं तरी. खरं सांगायचं तर हेलिकॉप्टर विमानापेक्षा कमी त्रास देतं, नुसतं उचलल्यासारखं वाटतं. खाली आधी जंगल, मग दुधट रंगाचं तळं (दगड दळून झालेली पीठासारखी बारीक माती पाण्यात तरंगते म्हणून तो रंग), मग हिमनदीचं तोंड आणि तिथून वर भेगाच भेगा. भेगांच्या आतला निळा रंग फोटोत येत नाही. घट्ट दाबलेला बर्फ लाल उजेड गिळतो आणि निळा तेवढा बाहेर सोडतो, म्हणून तसा दिसतो. फोन खाली ठेवून एक मिनिट नुसतं बघा.

आणि पॅडवर ‘थांबा’ म्हणाले तर चिडू नका. खाली बंदरात लख्ख ऊन असूनही वर जाता येत नाही असं होतं, आणि लोक काउंटरवर जाऊन ‘ऊन तर आहे की’ म्हणून भांडतात. ढग खाली आले की डोंगरांमधून वाट दिसत नाही हे एक. दुसरं म्हणजे वर ढगाळ उजेडात सावलीच पडत नाही, सगळं एकसारखं पांढरं होतं, आणि पायलटला खालचा बर्फ दहा फुटांवर आहे की शंभर हे कळत नाही. अशा वेळी जो पायलट नाही म्हणतो तोच आपला.

कॅम्पवर

उतरताना आधी लहान लहान ठिपके दिसतात, मग कळतं ती कुत्र्यांची घरं आहेत, ओळीने. शेकड्यात कुत्रे असतात. हेलिकॉप्टरचा आवाज थांबला की दुसरा आवाज सुरू होतो, सगळे एकदम भुंकतात, रडतात, आळवतात, कानाला दडे बसतात अक्षरशः. माझ्या लेकीने आधी माझा हात घट्ट धरला. तिला वाटलं ते चिडलेत.

आखून दिलेल्या भागाबाहेर जाऊ नका. बर्फ सपाट दिसतो पण हिमनदीवर बर्फाने झाकलेल्या भेगा असू शकतात. फोटोसाठी ‘जरा तिकडे’ असं अजिबात नाही.

हे कुत्रे बघून बरेच जण हिरमुसतात कारण डोक्यात निळ्या डोळ्यांचे, झुबकेदार सायबेरियन हस्की असतात. इथे बहुतेक अलास्कन हस्की असतात, ती काही नोंदलेली जात नाही, पिढ्यान्‌पिढ्या पळण्यासाठी निवडत आणलेली मिश्र औलाद. वजन साधारण १८ ते २५ किलो, लांब पाय, सडपातळ, कुणाचा एक कान उभा तर दुसरा पडलेला. पहिल्या नजरेत रस्त्यावरच्या कुत्र्यासारखेच वाटतात, सासरे तसं बोललेही, सुदैवाने मराठीत. पळायला लागले की मग कळतं.

बऱ्याच ठिकाणी एका वेळच्या पिल्लांना एकाच विषयावरून नावं देतात. आमच्या टीममध्ये चीज मंडळी होती: ब्री, गूडा, चेडर. आमच्या मशरने सांगितलं त्याप्रमाणे जोड्या अशा: सगळ्यात पुढे लीड, त्यांच्या मागे स्विंग जे वळणावर टीम वळवतात, मधले टीम डॉग्ज, आणि स्लेडला लागून व्हील, हे सगळ्यात दणकट कारण पहिला हिसका त्यांना बसतो. ब्री लीडला होती. सगळे मागे नाचतायत, दोरी चावतायत, हवेत चारी पायांवर उड्या मारतायत, आणि ही मात्र दोरी ताठ ताणून, मान पुढे करून, एका जागी खिळल्यासारखी उभी, फक्त मागचा एक पाय थरथरत होता. तेच तिचं काम असतं, मागे कितीही गोंधळ असो, रांग सरळ ठेवायची. मशरने सांगितलं नसतं तर मी तिला थकलेली समजले असते.

कुत्र्यांना हात लावायच्या आधी विचारा, बहुतेक हो म्हणतात. बाजूने जा, खाली बसा, हात पुढे करा. ग्लोव्ह काढलात तर बरं, कानामागची लोकर किती दाट असते ते ग्लोव्हमधून कळत नाही.

स्लेडवर

बहुतेक ठिकाणी एकामागे एक दोन स्लेडी जोडतात, पुढच्या स्लेडवर मशर, मागच्यावर तुम्ही. एक जण आत टोपलीत बसतो आणि एक मागे उभा राहतो, मध्ये थांबून जागा बदलतात. प्रत्येकाने उभं राहून बघाच. आपल्या लोकांमध्ये ‘मी बसतो बाबा, तूच उभी राहा’ असं फार होतं, तसं करू नका.

उभं राहणं म्हणजे दोन पातळ पट्ट्यांवर एकेक पाय. या पट्ट्यांना रनर म्हणतात. गुडघे जरा वाकवायचे, ताठ उभं राहिलात की पहिल्या हिसक्याला मागे जाल. दोन्ही हात दांड्यावर, आणि दांडा सोडायचा नाही, पडलात तरी शक्यतो सोडायचा नाही, हा मशर लोकांचा पहिला नियम कारण रिकामी स्लेड घेऊन कुत्रे पुढे निघून जातात. इथे पुढे मशर असल्यामुळे तसं होणार नाही, तरी सवय तीच लावतात. दोन रनरच्या मध्ये ब्रेक असतो, त्यावर पाय दाबला की लोखंडी दात बर्फात रुततात. आणि थांबल्यावर दोन काट्यांचा हुक बर्फात पायाने ठोकतात, तो हँडब्रेक समजा. वळताना ज्या बाजूला वळतोय त्या बाजूला थोडं झुकायचं, सायकलवर झुकतो तितपत.

‘मश मश’ कुणी ओरडत नाही. निघायला ‘हाइक’, उजवीकडे ‘जी’, डावीकडे ‘हॉ’, थांबायला ‘व्हो’. मशर हे हळू आवाजात म्हणतो, गप्पा मारता मारता, आणि सगळ्यात पुढची कुत्री वळते. आपण ओरडून बघितलं तर ती मागे वळून एक तुच्छ नजर टाकते फक्त.

हुक काढला आणि काय झालं ते सांगते. तो सगळा कल्लोळ एका क्षणात बंद. एकदम. जणू कुणी स्विच दाबला. मग फक्त पंजांचा खसखस आवाज, रनरची सरसर आणि श्वास. सासरे पुढे टोपलीत बसले होते, एरवी दर दोन मिनिटाला काहीतरी विचारणारा माणूस, पहिल्या फेरीत एक शब्द बोलले नाहीत.

वेग फार नसतो, चांगल्या बर्फावर ताशी १३ ते १६ किलोमीटर. पळता पळता कुत्रे बाजूचा बर्फ तोंडात भरून घेतात, पाणी पिण्याची आणि गार व्हायची त्यांची ती पद्धत. आणि पळता पळताच शी करतात, थांबत नाहीत. टोपलीत बसणाऱ्याला वास येतो, कधी शिंतोडाही, म्हणून ती रेन पँट. कुणी सांगत नाही हे, पण तोंड बंद ठेवून हसा.

फोटो-व्हिडिओ पहिल्या थांब्यापर्यंत काढून घ्या आणि मग फोन खिशात. उभं असताना एका हाताने शूट करायचा मोह होईल, नका करू.

मशरला विचारायला प्रश्न घेऊन जा, ही माणसं बोलकी असतात. इडिटारॉड पळलात का हे विचारलं की गाडी सुरू होते. ही कुत्र्यांच्या स्लेडची शर्यत, अँकरेज ते नोम, साधारण हजार मैल म्हणजे १,६०० किलोमीटर, १९७३ पासून चालू, पहिल्या वर्षी जिंकणाऱ्याला २० दिवस लागले होते, आता ९-१० दिवसांत पोचतात. १९२५ ची गोष्टही तिथे ऐकायला मिळेल, नोम गावात घटसर्प पसरला तेव्हा २० मशर आणि सुमारे १५० कुत्र्यांनी ६७४ मैल आळीपाळीने पळून साडेपाच दिवसांत औषध पोचवलं. शेवटचा टप्पा बाल्टो नावाच्या कुत्र्याच्या टीमचा, म्हणून पुतळा त्याचा, पण सगळ्यात लांब आणि अवघड टप्पा टोगो या कुत्र्याच्या टीमचा. मशर लोकांपुढे बाल्टोचं फार कौतुक केलंत तर ते टोगोचं नाव घेतातच.

कुत्र्यांना त्रास होतो का

हा प्रश्न मला पण होता आणि दोन्ही बाजूंचे लोक आहेत. प्राणीहक्कवाले लांबच्या शर्यतींना आणि कुत्र्यांना साखळीला बांधून ठेवण्याला विरोध करतात, आणि तो मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. मी जे बघितलं त्यात पळायला न मिळालेले कुत्रे जास्त रडत होते. तुम्ही स्वतः हे बघा: प्रत्येकाला कोरडं घर आणि पाणी आहे का, अंगावर हार्नेसने (जुंपायच्या पट्ट्यांनी) घासलेल्या जखमा आहेत का, फेरीनंतर टीम बदलतात की त्याच कुत्र्यांना परत जुंपतात, आणि म्हातारे झाल्यावर कुठे जातात. शेवटच्या प्रश्नाला जो मशर नावानिशी उत्तर देतो, अमका अमक्याच्या घरी आहे, सोफ्यावर झोपतो वगैरे, तिथे मला बरं वाटलं.

पिल्लं असली तर शेवटी हातात देतात. इथे वेळ कसा जातो कळत नाही, म्हणून स्लेडचे फोटो आधीच काढून झालेले बरे.

आजी-आजोबा, लहान मुलं

सासरे सत्तरीचे, गुडघे दुखरे, तरी जमलं. हेलिकॉप्टरची पायरी उंच असते आणि बर्फात पाय घोट्यापर्यंत रुततो, एवढंच. कंबर किंवा पाठीचं ऑपरेशन झालेलं असेल, किंवा गरोदर असाल, तर आधी डॉक्टरांना आणि कंपनीला दोघांनाही विचारा, स्लेड दणके देते. मुलांना कमीत कमी वय किती ते प्रत्येक ठिकाणी वेगळं. माझ्या मते सहा-सात वर्षांच्या खाली पैसे वाया, त्यांना खालचा चाकाचा कॅम्प आणि पिल्लं तेवढीच आवडतील.

टिप माणशी १०-२० डॉलर देतात. वर कार्ड चालेल असं धरू नका, नोटा चेनच्या खिशात ठेवा.

आणि कॅन्सल झालंच तर

पॅडवरून हलायच्या आधी तिथल्या तिथे विचारा की दुपारी जागा आहे का, पुढच्या बंदरात तुमचीच किंवा ओळखीची कंपनी आहे का. रिफंडचा ईमेल आला का ते तिथेच बघा. मग जुनोत असाल तर मेंडनहॉलच्या व्हिजिटर सेंटरला जा, तळ्यापलीकडे हिमनदी दिसते आणि पायवाटेने नगेट धबधब्याच्या पायथ्यापर्यंत जाता येतं, पावसात सुद्धा छान. चाकावरच्या स्लेडला त्या दिवशी जागा मिळते का तेही बघा, कुत्रे भेटतात. पहिल्या वेळी आम्ही यातलं काहीच केलं नाही, जहाजावर जाऊन तोंड पाडून बसलो.

परत आल्यावर

बूट परत द्यायचे, लॉकर रिकामं करायचं, आणि बसमध्ये बसायच्या आधी खिसे तपासायचे, एकाचा तरी गॉगल वर राहिलेला असतो. ओले ग्लोव्ह्ज प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवू नका. मी ठेवले, आणि रात्री केबिनमध्ये पिशवी उघडली तेव्हा कुत्रा, मासे आणि ओली लोकर असा काहीतरी एकत्र वास आला. शाम्पूने दोनदा धुतले, बाथरूमच्या दोरीवर टाकले, तरी गेला नाही. लेकीने एक ग्लोव्ह उशीजवळ घेतला आणि म्हणाली, ‘हा धुवू नकोस, हा ब्रीचा आहे.’